आभाळ येतं, पण पडत कामून नाही? : हवेतल्या कणांचं गणित

(एपिसोडचा लेखी मजकूर. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा असेल तर ऐका.)



आजचा विषय ऐकायला थोडा जड आहे. हवेत बारीक कण कसे जन्मतात, कसे वाढतात आणि ते सगळं कॉम्प्युटरवर कसं मांडतात. हे ऐकून लगेच पुढच्या एपिसोडवर जाऊ नका, कारण हा विषय माझ्यापर्यंत पुस्तकातून आलेला नाही. तो आला आमच्या आज्जीच्या एका प्रश्नातून.

मी बीड जिल्ह्यातला, केज तालुक्यातला. साल 2019, ऑगस्ट महिना. त्याच्या आधीच्या ऑक्टोबरमध्ये राज्याने 151 तालुके दुष्काळी जाहीर केले होते, त्यात आपणही होतो. नवा पावसाळा आला, पेरण्या झाल्या आणि पावसाने दडी मारली. रोज दुपारी आभाळ भरून यायचं. काळं, गच्च. संध्याकाळपर्यंत सगळं पांगून जायचं. आज्जी ओट्यावर बसून म्हणायची, "आभाळ तं आलंय, मग पडंना कामून?"

त्याच आठवड्यात व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरला. "उद्या विमानाने आपल्या भागात पाऊस पाडणार." कुणी पाठवला, कुठून आला, काही पत्ता नाही. माझ्या चुलत्यांनी तो वाचला, पोराकडून पुन्हा एकदा वाचून घेतला आणि उसने पैसे काढून दुबार पेरणीचं बियाणं आणलं. पुढचे बारा दिवस एक थेंब नाही. बियाणं मातीतच गेलं.

मला तेव्हा कळलं की आज्जीच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. माहीत असतं, तर त्या मेसेजवर एवढा भरवसा बसला नसता. आज ते उत्तर शोधूया.

ढगाला बी लागतं

पहिली गोष्ट. हवेत नुसती वाफ असून ढग होत नाही. वाफेला बसायला जागा लागते. थंडीत गार ग्लासाच्या बाहेर पाणी जमतं, कारण तिथे काच आहे. आकाशात काच कुठून आणणार? तिथे काचेचं काम बारीक कण करतात. धूळ, मीठ, धूर, रसायनांचे कण.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या जॉन एटकेन यांनी हे दाखवलं. हवा गाळून स्वच्छ केली की तिच्यात धुकं बनेना, साधी हवा सोडली की लगेच बनायचं. कण अजिबात नसलेल्या हवेत थेंब बनवायचा तर आर्द्रता शंभर टक्क्यांच्या कितीतरी पट, काही शे टक्के लागते. खऱ्या आकाशात ती शंभराच्या जेमतेम वर जाते. म्हणजे प्रत्येक ढगाच्या प्रत्येक थेंबाच्या पोटात एक बी असतं.

मग हे बी येतं कुठून? काही कण आयतेच येतात. शेतातली धूळ, समुद्राचं मीठ, उसाचं पाचट पेटवल्यावरचा धूर. पण बरेचसे कण हवेतच जन्मतात. वायूपासून, अक्षरशः शून्यातून. आपला आजचा विषय तो आहे.

कणाचा जन्म

कोळसा जळला की त्यातल्या गंधकापासून सल्फर डायऑक्साइड वायू निघतो. उन्हामुळे हवेत काही फार चपळ रेणू तयार होतात, ते या वायूला पकडतात आणि त्याचं होतं सल्फ्युरिक ॲसिड. हो, बॅटरीतलंच ॲसिड, पण इथे वाफेच्या रूपात आणि अगदी नगण्य प्रमाणात. या ॲसिडच्या रेणूंना एकमेकांना चिकटायला आवडतं, पण ती जोडी टिकत नाही, लगेच सुटते. मध्ये कुणीतरी धरून ठेवणारं लागतं.

ते काम करतो अमोनिया. युरियाची गोणी फोडल्यावर नाकात जातो ना, तोच वास. गोठ्यातूनही तोच येतो. याशिवाय जनावरांच्या मलमूत्रातून निघणारे अमाईन नावाचे वायू आणि झाडापानांतून निघणाऱ्या सुगंधी वाफाही मदत करतात.

हे सगळं नीट तपासायला स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संस्थेत 2009 पासून 'क्लाउड' नावाचा प्रयोग चालू आहे. स्टीलची एक मोठी टाकी, 26 घनमीटरची, म्हणजे 26 हजार लिटर. टँकरची सवय असलेल्या आपल्या जिल्ह्याला हा आकडा लगेच कळेल, दोन-तीन टँकर. फक्त आत पाणी नाही, जगातल्या सगळ्यात स्वच्छ हवेपैकी एक आहे. त्यात एकेक वायू मोजून सोडतात आणि कण जन्मतो का ते बघतात. 2011 मध्ये त्यांनी सांगितलं की जमिनीजवळच्या हवेत नुसतं ॲसिड आणि अमोनिया पुरत नाहीत. 2013 मध्ये कळलं की थोडंसं अमाईन मिसळलं की कण कितीतरी जोरात जन्मतात. म्हणजे भट्टीतला गंधक आणि गोठ्यातला वास, दोघं मिळून ढगाचं बी घडवू शकतात!

नुकता जन्मलेला कण एक-दोन नॅनोमीटरचा असतो. तुमच्या केसाची जाडी घ्या, तिचे तीस-चाळीस हजार भाग करा, त्यातला एक.

हे आपल्याकडेही होतं बरं का. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेच्या, म्हणजे आयआयटीएमच्या आणि इतर संस्थांच्या शास्त्रज्ञांनी पुणे आणि कानपूरच्या हवेत अशा जन्माच्या नोंदी घेतल्या, त्यावरचा शोधनिबंध 2014 मध्ये आला. महाबळेश्वरला तर आयआयटीएमची 2012 पासून खास ढगांची प्रयोगशाळा आहे. ढग खिडकीतून आत येतो आणि हे लोक त्यातले थेंब नि कण मोजतात.

अशा दिवसाचा आलेख काढला, आडवी वेळ आणि उभा कणांचा आकार, तर सकाळी दहा-अकराच्या सुमारास खालून एक पट्टा उगवतो आणि दिवसभर वाकत वाकत वर जातो. जगभरचे शास्त्रज्ञ त्याला काय म्हणतात माहितीये? केळी! आज केळी दिसली की नाही, असं खरंच विचारतात.

आता कॉम्प्युटर

एका घनसेंटिमीटर हवेत, म्हणजे खेळातल्या फाशाएवढ्या जागेत, साधारण अडीचावर एकोणीस शून्यं इतके रेणू असतात. प्रत्येकाचा हिशोब ठेवणं कोणत्याही कॉम्प्युटरला शक्य नाही. मग शास्त्रज्ञ एक युक्ती करतात, आणि ती युक्ती तुम्ही शाळेत रोज पाहिली आहे. हजेरीचा पट.

कणांचे आकाराप्रमाणे वर्ग पाडायचे. एक ते दोन नॅनोमीटर म्हणजे बालवाडी. दोन ते चार पहिली. चार ते आठ दुसरी. असं करत वरपर्यंत. प्रत्येक वर्गात किती कण आहेत एवढंच लिहायचं, नावं नाहीत. मग दर काही सेकंदांनी पट बदलायचा, चार कारणांनी.

एक, नवीन प्रवेश. वायूतून जन्मलेले कण बालवाडीत येतात.

दोन, वर चढणं. वाफ अंगावर बसत गेली की कण जाड होतो आणि वरच्या वर्गात जातो.

तीन, चिकटणं. दोन कण आदळले की त्यांचा एक होतो. हे आपल्या शाळेत होत नाही, नाहीतर मास्तरांची पंचाईत झाली असती. याचं समीकरण पोलंडच्या स्मोलुचोव्स्की यांनी 1916 मध्येच मांडलंय. लहान कण मोठ्या कणावर आदळला की लहान्याचं नावच पटावरून जातं.

चार, गळती. कण पानावर, मातीवर, भिंतीवर बसतात, पावसात धुऊन जातात.

बस्स. मॉडेल म्हणजे ही चार कारणं आणि त्यांची समीकरणं. बाकी सगळा प्रश्न त्यातले आकडे बरोबर ठेवण्याचा आहे. तो किती नाजूक आहे ते एका हिशोबाने सांगतो. मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडा, माझ्याबरोबर करा. आकडे समजण्यासाठी मी घेतलेत, पण ते खऱ्याच्या जवळचे आहेत.

ढगाचं बी व्हायला कण साधारण 80 नॅनोमीटरचा व्हावा लागतो. आपला कण जन्मला 2 नॅनोमीटरचा. तो तासाला 3 नॅनोमीटर वाढतो असं धरा. 78 भागिले 3, म्हणजे 26 तास लागतील. आता या काळात दर तासाला शंभरातले दहा कण चिकटून किंवा बसून नाहीसे होतात असं धरू. म्हणजे तासाला 90 टक्के उरतात. 0.9 ला स्वतःशी 26 वेळा गुणा. उत्तर येतं साधारण 0.065. शंभरातले साडेसहा कण बी झाले.

आता वाढीचा वेग दुप्पट करा, तासाला 6. मग 13 तास लागतील. 0.9 ला 13 वेळा गुणा. साधारण 0.25. शंभरातले पंचवीस!

वेग दुप्पट झाला आणि बी झालं जवळपास चौपट. म्हणून वाढीच्या वेगात थोडी जरी चूक झाली तरी ढगाच्या हिशोबात ती फुगून बाहेर येते. खऱ्या मॉडेलमध्ये हा पट हवामानाच्या नकाशावरच्या प्रत्येक चौकोनासाठी, प्रत्येक उंचीवर, सतत लिहावा लागतो. पुण्यात आयआयटीएममध्ये 2024 मध्ये 'अर्का' नावाचा सुपरकॉम्प्युटर सुरू झाला, क्षमता 11.77 पेटाफ्लॉप्स. म्हणजे सेकंदाला जवळपास बारा हजार लाख कोटी गणितं. आणि तरी 2025 मध्ये आलेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टिम'मध्ये नकाशाचा चौकोन 6 किलोमीटरचा आहे. हे मोठं यश आहे, आधीचे चौकोन याच्या दुप्पट होते. पण पावसाळ्यातला एखादा ढग त्या एका चौकोनात मावून जातो. त्याच्या आतलं सगळं अंदाजानेच धरावं लागतं.

मोबाईलवरचा आकडा काय सांगत नाही

तुमच्या फोनमध्ये हवेची गुणवत्ता दाखवणारं ॲप असेल. त्यात पीएम 10 दिसतं. तो आकडा वजनाचा आहे. एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम कण आहेत, एवढंच.

राखेचा 10 मायक्रोमीटरचा एक कण घ्या आणि 100 नॅनोमीटरचा एक कण घ्या. जाडीत शंभरपट फरक. वजनात? शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर, दहा लाखपट. तराजूत एका राखकणाने दहा लाख बारीक कण झाकले जातात. पण ढगाला वजनाशी देणंघेणं नसतं, त्याला डोकी मोजायची असतात. फुफ्फुसाचंही तसंच, बारीक कण खोल जातात. म्हणून हा पट लिहिणारं मॉडेल हवं. तराजू पुरत नाही.

परळीची चिमणी

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. परळी वैजनाथ म्हटलं की एक देऊळ आठवतं आणि एक औष्णिक वीज केंद्र. सत्तरच्या दशकापासून तिथे कोळसा जळतोय. फेब्रुवारी 2013 मध्ये हे केंद्र बंद पडलं. कारण? पाणी नाही. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून त्याला पाणी येतं, आणि त्या दुष्काळात तिथेच पाणी नव्हतं. 2015 मध्येही पुन्हा तीच वेळ आली.

जरा थांबून विचार करा. पाऊस नाही म्हणून चिमणी बंद. आणि चिमणी चालू असते तेव्हा तिच्यातून निघणारा वायू वाऱ्याबरोबर कोसभर, दहा कोस, पन्नास कोस जात जात कण होतो, आणि ते कण पुढे कुठल्यातरी ढगाचं बी होतात. तुम्ही म्हणाल, मग बरंच की! जास्त बी, जास्त पाऊस.

इथेच गंमत आहे. उलटही होऊ शकतं.

ढगात पाणी ठरावीक असतं. दहा पोरांत एक भाकरी वाटली तर प्रत्येकाला घास मिळतो. हजार पोरांत वाटली तर कण मिळतो. बी जास्त झालं की थेंब जास्त होतात पण सगळे बारीक राहतात. आणि बारीक थेंब पडत नाहीत, तरंगत राहतात. पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले साधारण दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. त्यासाठी काही थेंब आधीच जाड असावे लागतात, म्हणजे ते खाली येताना बाकीच्यांना गोळा करतात. सगळेच बारीक असले तर कुणी कुणाला गोळा करत नाही. मग ढगाला आणखी उंच वाढावं लागतं. आयआयटीएमने 2009 पासून 'कायपीक्स' नावाच्या मोहिमेत विमानं ढगांत घातली, तेव्हा हेच दिसलं. थेंबांची संख्या जितकी जास्त, तितका ढग पाऊस सुरू होण्याआधी जाड व्हावा लागतो.

पण कोरडी हवा वरून दाबत असेल तर ढग उंच वाढणार कसा? आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. ढग येतो, थेंब बारीक, उंची मिळत नाही, संध्याकाळी ऊन उतरतं आणि सगळं विरून जातं.

आज्जी, हे तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर. अर्धंच म्हणतो, कारण दुष्काळाचं खापर परळीच्या चिमणीवर फोडणं चूक होईल. मान्सूनचे वारे, समुद्राचं तापमान, खंड, या मोठ्या गोष्टी आहेत. कण हा त्यातला एक गडी. त्याचा वाटा किती, ते सांगायलाच तर मॉडेल लागतं.

आणि हा प्रश्न नुसता शास्त्राचा नाही. डिसेंबर 2015 मध्ये केंद्र सरकारने कोळशावरच्या वीज केंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घालून दिली. जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतेक युनिटना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. या वादात दोन्ही बाजू एकच गोष्ट विचारतात. या वायूपासून पुढे हवेत नेमके किती कण होतात? चिमणीच्या तोंडाशी मोजून ते कळत नाही. कण दूर जाऊन, उन्हात, तासांनी जन्मतात. ते फक्त मोजमाप आणि मॉडेल दोन्ही मिळून सांगू शकतात.

मग ते विमान?

आता चुलत्यांच्या मेसेजकडे. 2015 च्या आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, मराठवाड्यासाठी विमानं उडाली. 2019 साठी राज्याने 30 कोटी मंजूर केले होते. ढगात क्षाराचे कण सोडायचे. हे कण मोठे आणि पाणी ओढणारे. म्हणजे हजार बारक्या पोरांत चार पहिलवान सोडायचे, ते भराभर जाड होतात आणि बाकीच्यांना गोळा करत खाली येतात.

कल्पना बरोबर आहे. पण पाऊस पडला तर तो विमानाने पाडला की आपोआप पडला, हे कसं ठरवणार? त्यासाठी आपल्या शेजारी, सोलापूरला, आयआयटीएमने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात रीतसर प्रयोग केला. पावणेतीनशेच्या आसपास ढग निवडले. कोणत्या ढगात बी टाकायचं आणि कोणत्यात नाही, हे नाणेफेकीसारखं ठरवलं. मग रडार आणि पर्जन्यमापकांनी दोन्हींची तुलना केली. 2023 मध्ये निकाल छापून आला. बी टाकलेल्या जागेच्या वाऱ्याच्या दिशेला, सुमारे शंभर चौरस किलोमीटर भागात, सरासरी 18 टक्के जास्त पाऊस. काही ठिकाणी 46 टक्क्यांपर्यंत.

18 टक्के म्हणजे किती? जो ढग 10 मिलिमीटर देणार होता तो 11.8 देईल. हे कमी नाही, योग्य वेळी पिकाला एवढंही जगवू शकतं. पण जो ढग काहीच देणार नव्हता? शून्याचे 18 टक्के शून्यच. आणि ढगच नसेल तर विमान काय करणार?

चुलत्यांना त्या मेसेजमध्ये "पाडणार" हा शब्द दिसला. शास्त्राचा शब्द होता, "असलेल्या ढगातून थोडा जास्त मिळण्याची शक्यता." या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आमचं बियाणं गेलं.

जाता जाता

परत कधी असा मेसेज आला तर फॉरवर्ड करायच्या आधी तीन प्रश्न विचारा. ढग आहेत का, आणि पुरेसे उंच आहेत का? विमान कोणत्या भागात उडणार, आपल्या तालुक्यात की शंभर किलोमीटरवर? आणि बी न टाकलेल्या ढगांशी तुलना केली का? तिन्हींची उत्तरं नसतील तर घरातल्या माणसाला सांगा, त्यावर पेरणीचा निर्णय घेऊ नका.

दुसरं, जे बीएस्सी, इंजिनिअरिंग करतायत त्यांच्यासाठी. तो हजेरीचा पट तुम्ही लॅपटॉपवर स्वतः लिहू शकता. आठ-दहा वर्ग, चार कारणं, पायथॉनच्या शंभरेक ओळी. वाढीचा वेग बदलून बघा आणि शेवटच्या वर्गात किती पोहोचतात ते मोजा. एकदा हाताने केलं की हवामानाचा अंदाज का चुकतो, याबद्दल तुमचा राग थोडा कमी होईल आणि प्रश्न जास्त धारदार होतील. मॉडेल तेवढंच खरं बोलतं जेवढं त्याला मोजून दिलेलं असतं. बालाघाटाच्या डोंगरावर, परळीच्या वाऱ्याखाली, पाचट जळतं त्या रात्री, कणांची डोकी सतत मोजली गेली, तर आपल्या आभाळाचा हिशोब आपल्या आकड्यांनी होईल. ते मोजणारी पोरं आपल्याच जिल्ह्यातली असली तर आणखी छान.

आज्जी आता नाही. पण मागच्या जूनमध्ये आभाळ भरून आलं, तेव्हा चुलत्यांनी मला फोन केला. म्हणाले, "काय रे, आज थेंब बारीक हाय का जाड?" मी म्हणालो, "काका, इथून नाही सांगता येत." ते म्हणाले, "मग थांबतो दोन दिवस." आणि खरंच थांबले.

तुमच्या गावात आभाळ येऊन न पडलेल्या दिवसाची गोष्ट असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या वेळी ऐकवू. भेटू. काळजी घ्या, पाणी जपून वापरा.